लाल चिखलाने माखलेली काळी गाडी ओरखडे न पाडता कशी धुवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गणपतीसाठी राजापूरकडच्या गावी गेलेली काळ्या रंगाची गाडी अणुस्कुरा घाटातून पुण्याला परत आली आहे आणि दोन्ही बाजूंनी खिडक्यांच्या काचांपर्यंत लाल चिखलाने माखलेली आहे. चिखल वाळून दोन दिवस झाले आहेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक नळ आणि एक पाइप आहे, प्रेशर पंप नाही. रोज सकाळी गाड्या पुसायला येणारा मुलगा पाणी मारून फडक्याने काढून देतो म्हणतो आहे. पण मागच्या वर्षी तसेच केल्यानंतर उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसू लागल्या होत्या. अशी गाडी घरच्या घरी, रंगाला धक्का न लावता धुता येईल का? आणि सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवतात तो पारदर्शक संरक्षक थर, करून घेतले तर हा त्रास वाचेल का?

धुता येईल, आणि त्यासाठी महागडी साधनेही लागणार नाहीत. मात्र गाडी पूर्ण भिजवून, पाण्याने धुऊन निघेपर्यंत तिच्या रंगाला कोणाचाही हात, फडका, स्पंज किंवा ब्रश लागता कामा नये. गाडी धुण्याचे बहुतेक सगळे काम हात लावण्याआधीच झालेले असले पाहिजे, हे एक सूत्र तुम्ही सांभाळलेत तर पुढच्या बाकीच्या चुका सावरता येतात. हे सुटले तर उत्तमातला उत्तम शाम्पू आणि सर्वांत मऊ कापडही उपयोगी पडत नाही.

कोल्हापुरात गाड्या धुण्याचे आणि पॉलिशचे काम मी बावीस वर्षे करतो आहे. गणपती संपले की कोकणातून लाल मातीच्या गाड्या येतात आणि उसाचा हंगाम सुरू झाला की शेतवाटांच्या काळ्या मातीच्या. या दोन्ही मातींशी वागण्याची पद्धत थोडी वेगळी आहे, त्यामुळे आधी मातीविषयी सांगतो.

ओरखडा पाण्याने पडत नाही, शाम्पूने पडत नाही आणि चांगल्या कापडानेही सहसा पडत नाही. तो कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकलेल्या कणाने पडतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 130 मायक्रॉन असते, आणि त्यातला सगळ्यात वरचा, चमक देणारा क्लिअर कोट असतो जेमतेम 35 ते 50 मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जी चमक जपण्यासाठी आपण धडपडतो ती केसापेक्षाही पातळ थरात राहते. कोकणातली लाल माती ही जांभ्याची माती आहे. तिचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि या लोहखनिजांचा कठीणपणा मोहच्या मापावर, म्हणजे खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या 1 ते 10 च्या मापावर, 5 ते 6.5 च्या आसपास भरतो. खिडकीची काच त्याच मापावर साडेपाचच्या जवळ असते. काचेच्या बरोबरीने कठीण असलेला कण आणि प्लास्टिकच्या जातीचा मऊ थर यांची गाठ पडल्यावर कोण हरणार, हे सांगायला नको. समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवली असेल तर वाळूतले गारगोटीचे कण याहूनही कठीण असतात.

लाल मातीचे एक बरे आहे, ती भिजली की लवकर सुटते. मात्र तिच्या पिठासारख्या बारीक भागात जांभ्याचे रव्यासारखे दाणे मिसळलेले असतात आणि ते शेवटपर्यंत चिकटून राहतात. काळी माती याउलट चिकट असते, पाणी प्यायली की फुगते, साबणासारखी गुळगुळीत होते आणि बोट फिरवल्यास सरकते. त्यामुळे ती निघाली असे वाटते, पण ती नुसती पसरलेली असते आणि तिच्यातले चुनखडीचे बारीक खडे रंगावर फिरत असतात. काळ्या मातीच्या गाडीला भिजण्यासाठी मी लाल मातीच्या दुप्पट वेळ देतो.

आता त्या जाळ्यासारख्या रेघांविषयी. लोकांचा समज असा असतो की हात गोल फिरवला म्हणून रेघा गोल पडल्या. प्रत्यक्षात पत्र्यावर सगळ्या दिशांना सूक्ष्म रेघा असतात आणि सूर्य किंवा दिवा जिथे प्रतिबिंबित होतो, त्या बिंदूभोवती आडव्या येणाऱ्या रेघाच तेवढ्या प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतात, म्हणून त्यांची वलये दिसतात. दिवा हलवला की वलयेही हलतात. मोबाइलची बॅटरी बॉनेटवर फिरवून हे तुम्हाला लगेच पाहता येईल. हात सरळ रेषेत फिरवण्याचा फायदा आहे, पण तो एवढाच की चुकून पडलेल्या रेघा कमी कोनांतून दिसतात. सरळ हाताने घासलेला दाणाही रेघ पाडतोच.

तुमच्या गाडीकडे येऊ. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, गाडी सावलीत आणि थंड असताना कामाला सुरुवात करा. बॉनेटवर हाताची मागची बाजू अलगद धरून ऊब जाणवते का ते पाहा. पत्रा गरम असेल तर अर्धा तास थांबा, कारण गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी दोन्ही डाग सोडून वाळतात. वाळलेला चिखल नखाने, काटकीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलून काढण्याचा मोह होईल, तो आवरा. कोरड्या धुळीवर बोटाने अक्षरे लिहिणेसुद्धा रंगावर कायमची खूण ठेवते. मुलांनी लिहिलेली नावे पॉलिश करूनही पुसट दिसत राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

सुरुवात चाकांपासून आणि चाकांच्या वरच्या कमानींच्या आतल्या बाजूपासून करा. याचे कारण साधे आहे. गाडीवरचा सगळ्यात जाड चिखल तिथे असतो आणि तिथे जोराने पाणी मारले की तो उडून दारांवर बसतो. दारे आधी धुतलीत तर तीच पुन्हा घाण होतील, आणि तेव्हा घाईत ती पुसून काढण्याची इच्छा अनावर होते. पाइपच्या तोंडाशी अंगठा धरून किंवा वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून नोझल रोखून कमानीच्या आतला चिखल पडू द्या, मागच्या बाजूने, पुढच्या बाजूने, वरच्या काठाच्या मागे. तिथून हाताएवढे गोळे पडतील. चाके घासायला वेगळी बादली, वेगळा ब्रश आणि वेगळे कापड ठेवा, आणि या तिन्ही वस्तू गाडीच्या रंगाजवळ कधीही आणू नका. ब्रेक पॅडची झीज होऊन उडणारी लोखंडी पूड चाकांवर बसलेली असते. ती मातीपेक्षाही वाईट.

यानंतर संपूर्ण गाडी भिजवायची. भिजवणे म्हणजे पाण्याचा एक फवारा मारून पुढच्या कामाला लागणे नव्हे. पाइपमधून कमी दाबाने, पाऊस पडल्यासारखे पाणी टपापासून खाली सोडत दोन-तीन फेऱ्या मारा, मग पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा एक फेरी मारा. वाळलेल्या चिखलाच्या पापुद्र्याखाली पाणी शिरायला वेळ लागतो. पहिल्या फेरीत त्याचा रंग फक्त गडद होतो, दुसऱ्या फेरीत तो कडेने सुटू लागतो आणि तिसऱ्या फेरीत स्वतःच्या वजनाने घसरतो. मी कामावर नव्याने आलेल्या मुलांना या वेळी पाइप खाली ठेवून नुसते बघायला सांगतो, कारण चिखल आपोआप घसरताना एकदा पाहिला की त्यावर हात फिरवायची इच्छाच होत नाही.

मग शाम्पूचा फवारा. तुमच्याकडे प्रेशर पंप नाही म्हणून फोम वॉश शक्य नाही असे समजू नका. शेतीत फवारणीसाठी वापरतात तो 16 लिटरचा पाठीवरचा पंप, किंवा कुंड्यांवर पाणी मारायचा दोन लिटरचा हातपंपही या कामाला उत्तम आहे. अट एकच : पंप नवा हवा. ज्यात कधी कीटकनाशक किंवा तणनाशक भरले होते असा पंप कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये. तो तुमच्या रंगापेक्षा तुमच्या हातांना आणि श्वासाला घातक आहे. पाण्यात गाडीचा शाम्पू बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळा. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर घेऊ नका. त्यांचे काम तेलकटपणा ओढून काढणे हे असते, आणि ते गाडीवरचे मेणाचे संरक्षण काढून टाकतात, रबर आणि काळे प्लास्टिक रापवतात. फवारा खालच्या भागावर थोडा जास्त मारा, कारण दारांचा खालचा तिसरा हिस्सा आणि मागचा बंपर हीच खरी घाणीची ठिकाणे असतात. पाच ते सात मिनिटे थांबा. फेस किती झाला याला महत्त्व नाही. पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. कुठे वाळायला लागले असे दिसले तर लगेच थोडे पाणी मारा.

आता वरून खाली भरपूर पाण्याने धुऊन काढा, आणि इथे माझी एक जुनी चाचणी करून पाहा. पांढरा प्लास्टिकचा मग घ्या आणि मागच्या दाराच्या खालच्या काठावरून ओघळणारे पाणी त्यात धरा. अर्धा मग भरला की तो जमिनीवर ठेवा आणि मिनिटभर हलवू नका. पाणी वरून स्वच्छ दिसेल, पण तळाशी पाहा. तांबूस रव्याचा थर बसलेला असेल तर अजून हात लावण्याची वेळ आलेली नाही. शाम्पूचा फवारा, थांबणे आणि धुणे ही फेरी पुन्हा करा. घाटातून आलेल्या गाडीला मी अशा दोन फेऱ्या धरूनच चालतो, क्वचित तीन कराव्या लागतात. मगाच्या तळाशी बोट फिरवल्यावर काही खरखरले नाही म्हणजे गाडी हात लावण्याजोगी झाली. पाणी नुसते फिकट लाल राहिले तर त्याची चिंता नको, ती पिठासारखी माती पुढे मिटने, म्हणजे धुण्याच्या हातमोज्याने, निघते. दाणे गेले पाहिजेत.

ही चाचणी मला एका चुकीतून मिळाली. धंदा सुरू केल्याच्या दुसऱ्याच वर्षी सावंतवाडीहून आलेली गडद निळी गाडी मी एकदाच पाणी मारून स्पंजने धुतली. ओली असताना ती आरशासारखी दिसत होती. वाळल्यावर मालकाने ती उन्हात नेली आणि डाव्या दारावर माझ्या हाताच्या कमानीएवढ्या, एकाला एक समांतर अशा रेघा उठून दिसल्या. स्पंजच्या एका भोकात एक दाणा अडकला होता आणि मी तोच दाणा संपूर्ण दारावर फिरवला होता. मी ते दार विनामोबदला पॉलिश करून दिले, पण पॉलिश म्हणजे रेघ भरून काढणे नव्हे, रेघेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट तासून तिच्या पातळीला आणणे. त्या माणसाच्या गाडीचा थोडा थर मी कायमचा कमी केला, ही गोष्ट मला आजही लागते. त्या दिवसापासून माझ्याकडे स्पंज नाही.

स्पंजच्या जागी मायक्रोफायबरचे, लांब धाग्यांचे मिट घ्या. हातमोज्यासारखे ते हातात घालता येते. त्याचे धागे दाण्याला आपल्या आत, पृष्ठभागापासून दूर घेतात. सपाट स्पंज त्याला रंगावर दाबून धरतो. जुना बनियन, पंचा, धोतराचे मऊ झालेले फडके हे आपल्या घरात सहज सापडतात आणि हाताला मऊ लागतात, पण त्यांनाही दाणा पोटात घेता येत नाही. दोन मिट असतील तर एक खिडक्यांच्या खालच्या रेषेपासून वरच्या भागासाठी आणि दुसरे खालच्या भागासाठी ठेवा.

बादल्या दोन हव्यात, 15 ते 20 लिटरच्या, आणि शक्य तर वेगवेगळ्या रंगांच्या, म्हणजे गडबडीत घोटाळा होत नाही. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. तळाशी जाळी मिळाली तर चांगले, खाली बसलेले दाणे तिच्यामुळे पुन्हा वर येत नाहीत; न मिळाल्यास बादलीच्या तळाला मिट टेकवू नका. क्रम असा की मिट शाम्पूच्या पाण्यात बुडवायचे, टपाचा अर्धा भाग पुसायचा, मिट साध्या पाण्यात नीट खळबळून पिळायचे, आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचे. एकदा पुसलेले मिट थेट शाम्पूच्या बादलीत गेले की दोन बादल्यांचा सारा अर्थ संपला. टप, काचा, बॉनेट, डिकीचा वरचा भाग, दारांचा वरचा भाग, पुढचा बंपर, आणि अगदी शेवटी दारांचा खालचा भाग व मागचा बंपर अशा क्रमाने उतरत या. साध्या पाण्याची बादली गढूळ झाली की ती ओतून नवे पाणी भरा. तुमच्या गाडीला एकदा तरी बदलावे लागेल.

हाताचा जोर किती असावा, असे मला नेहमी विचारतात. मिटचे वजन आणि तुमच्या हाताचे वजन, बस. वरून दाब नको. मिट फेसावरून तरंगत गेल्यासारखे सरकले पाहिजे. हाताखाली अगदी बारीक जरी खरखर जाणवली किंवा वाळूचा कण फिरल्यासारखा आवाज आला, तर हात जिथल्या तिथे उचला, पुढे ओढून थांबू नका. ती जागा पाइपने धुवा, मिट खळबळा, मग पुन्हा सुरू करा. आणि मिट हातातून जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद समजा. नळाखाली धरले, स्वच्छ दिसते, असे म्हणून ते पुन्हा वापरू नका. पार्किंगच्या सिमेंटवरची वाळू त्या लांब धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते आणि नळाखाली निघत नाही. म्हणूनच एक जास्तीचे मिट जवळ असावे.

उन्हाळ्यात गाडी एका दमात संपूर्ण पुसून मग धुऊ नये, दोन-दोन भाग पुसून लगेच पाण्याने काढत जावे. पुण्यात गणपतीनंतरची हवा दमट असते, त्यामुळे तुम्हाला तेवढी घाई नाही.

काही डाग एवढे करूनही राहतील. पक्ष्यांची विष्ठा आणि काचेच्या पुढच्या बाजूला, बंपरवर मेलेले किडे हे आम्लधर्मी असतात आणि दिवसेंदिवस राहिले तर क्लिअर कोटमध्ये खड्डा करतात; त्यांवर शाम्पूच्या पाण्यात भिजवलेले कापड दहा मिनिटे पसरून ठेवा आणि मग ते कापड ओढून न पुसता उचलून घ्या. डांबराचे काळे ठिपके धुण्याने जात नाहीत. गाडी पूर्ण स्वच्छ झाल्यावर, डांबर काढण्याचे द्रावण कापडाला लावून ते ठिपक्यावर अर्धा मिनिट टेकवा, ठिपका विरघळला की पुसा आणि ती जागा शाम्पूने धुवा. नख, ब्लेड, भांडी घासायची हिरवी घासणी यांपैकी काही नको.

पाणी टिपून घेणे हे धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि इथे बहुतेक लोक दमलेले असल्यामुळे चूक करतात. सोसायटीत बोअरवेलचे पाणी असेल तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते पाणी पत्र्यावर वाळले की पांढरी गोल वर्तुळे उरतात, काळ्या रंगावर ती दुरूनही दिसतात. शेवटची फेरी शक्य असल्यास महापालिकेच्या पाण्याची घ्या. पाइपचे नोझल काढून टाका आणि पाणी धारेसारखे, टपावरून सावकाश सोडा. पाण्याची अखंड चादर खाली उतरताना स्वतःबरोबर बरेचसे थेंब घेऊन जाते आणि टिपायला थोडेच उरते. मग जाड, मोठा मायक्रोफायबर टॉवेल दोन्ही हातांनी धरून पत्र्यावर पसरा, वरून अलगद थोपटा आणि उचला. ओढायचाच झाला तर दोन टोकांना धरून, कोणताही दाब न देता, एका दिशेने. काचेचे पाणी ओढायचा रबरी वायपर रंगावर वापरू नका. त्याच्या पात्याखाली सापडलेला एक दाणा मीटरभर लांब रेघ ओढतो.

दारे उघडा. दाराच्या खालच्या काठाला, आतल्या बाजूने पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके असतात, ती कोकणच्या फेरीनंतर हमखास चिखलाने बुजलेली सापडतात. कानातल्या काडीने किंवा प्लास्टिकच्या बारीक नळीने ती मोकळी करा, नाहीतर दाराच्या पोटात पाणी साचून पत्रा आतून गंजतो. गाडी किनाऱ्यावर नेली असेल किंवा खाडीच्या कडेला उभी केली असेल तर तळाशी, चाकांच्या मागे आणि सायलेन्सरभोवती साधे पाणी भरपूर मारा. क्षार पाण्यात विरघळतो, त्याला रसायन लागत नाही, फक्त उशीर नको. तळाला धुतल्यानंतर डिझेल किंवा जळके ऑइल फवारून चकाकी देण्याची जी पद्धत अजून काही ठिकाणी चालते ती कोणी सुचवली तर नाही म्हणा, कारण त्याने रबरी बुश फुगतात आणि पुढच्या प्रवासातली धूळ त्याच तेलाला चिकटून बसते.

कोणी प्रेशर पंप आणून दिला तर तो जरूर वापरा, पण पसरट फवाऱ्याच्या नोझलने आणि पत्र्यापासून एक-दीड फूट अंतर ठेवून. घरगुती पंपांचा 100 ते 120 बारचा दाब एवढ्या अंतरावर पुरेसा आहे. जिथे रंगाचा टवका उडाला आहे तिथे, स्टिकरच्या कडेला, टायरच्या बाजूवर, रेडिएटरच्या पापुद्र्यांवर आणि इंजिनच्या कप्प्यात तो रोखू नका. धारेचे एका बिंदूत पाणी फेकणारे नोझल डब्यातच राहू द्या.

पाणी कमी असेल तेव्हा बादलीभर पाण्यात द्रावण टाकून न धुता पुसण्याची पद्धत आहे, आणि टंचाईच्या दिवसांत मी स्वतः ती वापरतो. मात्र ती नुसत्या धुळीच्या गाडीसाठी आहे. तुमच्या गाडीसाठी ती चालणार नाही. चिखलाच्या गाडीला पाणी द्यावेच लागते, आणि त्या दिवशी पाणी नसेल तर गाडी दोन दिवस तशीच मळकी उभी राहू दे. वाळलेला चिखल नुसता बसून ओरखडे पाडत नाही.

सिरॅमिक कोटिंग करून घेतले तर हा त्रास वाचेल का, असेही तुम्ही विचारले आहे. कोटिंगने चिखल लवकर सुटतो, पाणी पळते आणि वर सांगितलेल्या फेऱ्या कमी होतात, हे खरे आणि मोलाचे आहे. पण डब्यावरचा ‘9एच’ हा आकडा पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाच्या मापावरचा असतो, खनिजांच्या मोहच्या मापावरचा नसतो. जांभ्याच्या दाण्यापुढे तो टिकत नाही. कोटिंग केलेली गाडी फडक्याने कोरडी पुसली तर तिलाही रेघा पडतात, आणि मग त्या काढण्यासाठी कोटिंगसकट पॉलिश करावे लागते. तुम्ही आधी धुण्याची पद्धत बसवा, कोटिंगचा विचार पुढच्या वर्षी करा.

मागच्या वर्षीच्या रेघांचे काय? गाडी वाळल्यावर रेघेवरून नख आडवे फिरवा. नख अडकत नसेल तर रेघ क्लिअर कोटच्या वरच्या भागातच आहे आणि मशीनच्या हलक्या पॉलिशने ती जाईल; नख अडकले तर ती खोल आहे, तिथे तासत बसण्यात अर्थ नाही. मात्र प्रत्येक पॉलिश त्या 35 ते 50 मायक्रॉनमधून काही भाग घेऊन जाते, म्हणून दर दिवाळीला रबिंग करून घेण्याची सवय लावू नका. ज्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचे यंत्र आहे आणि जो काम सुरू करण्याआधी ते लावून आकडे तुम्हाला दाखवतो, अशाच माणसाकडे गाडी द्या.

रोज पुसणाऱ्या मुलाविषयी शेवटी लिहितो, कारण चिखलाची गाडी वर्षातून एकदा येते आणि तो मुलगा रोज येतो. एका बादलीत वीस गाड्यांचे फडके बुडवून तो काम करतो, त्याला त्याहून जास्त पाणी कोणी देत नाही आणि वेळही देत नाही. त्यात त्याचा दोष धरू नये. त्याला रोजच्या पगारातच सांगा की आमच्या गाडीच्या फक्त काचा आणि आरसे पुसायचे, पत्र्याला हात लावायचा नाही, आणि काचांसाठी तुमचे स्वतःचे दोन मायक्रोफायबरचे कापड त्याच्याजवळ देऊन ठेवा. माझ्या जवळपास सगळ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी अशी व्यवस्था केली आहे. दारावर धूळ दिसते म्हणून पहिले आठ दिवस घरच्यांना चैन पडत नाही, नंतर सवय होते. पिसांचा किंवा मेण लावलेल्या धाग्यांचा झाडू फिरवणे हेही कोरडे पुसणेच आहे.

धुणे संपल्यावर गाडी सोसायटीच्या आवारात किंवा जवळच्या रस्त्यावर पाच-सात मिनिटे चालवा आणि हलके हलके ब्रेक मारा, म्हणजे डिस्कवरचे पाणी उडून जाईल. ओल्या डिस्कवर रात्रभरात तांबूस गंज धरतो. मिट आणि टॉवेल त्याच दिवशी साध्या द्रवरूप साबणात, घरातल्या सुती कपड्यांपासून वेगळे धुवा, कपडे मऊ करायचे सुगंधी द्रावण त्यात घालू नका, ते धाग्यांवर थर धरते आणि मग टॉवेल पाणी ओढत नाही. सावलीत वाळवा. वाळलेले मिट डब्यात ठेवण्यापूर्वी त्याचे धागे बोटांनी विंचरून पाहा; एखादा लाल दाणा अजून आत असेल तर तो बोटाला लागेल.